स्पीकरवरचा लाल ठिपका

अकोल्यातल्या माझ्या दुकानात सोल्डरची तार, थिनर आणि मल्टिमीटर यांच्या शेजारी कायम एक नेलपॉलिशची बाटली असायची. लालभडक. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही की मिस्त्री, तुमच्यासारख्या झुपकेदार मिशांच्या माणसाला ही कशाला लागते. उत्तर मी तयार ठेवलं होतं: तारेचा जोड हलू नये म्हणून वर एक थेंब टाकतो. ते खोटं नव्हतं, आमच्या धंद्यात बरेच जण तसं करतात. पण बाटली माझी नव्हती आणि तो थेंबही माझ्या हातानं पडत नव्हता.

हे लिहून ठेवायचं कारण असं की अकोल्यापासून बाळापूर, बार्शीटाकळी, अगदी धामणगाव रेल्वेपर्यंत अजून काही घरांत ते स्पीकर वाजत आहेत. ज्यांच्या घरात वाजतात त्यांना वाटतं की ते मी दुरुस्त केले. मी नाही केले. माझ्या बायकोनं केले. सगळे.

मी काहीच करत नव्हतो असंही नाही. रेडिओ, टेपरेकॉर्डर, अ‍ॅम्प्लिफायर यांच्या पोटात हात घालणं माझं काम आणि त्यात मी कुणाला हार जात नसे. पण स्पीकर हे वेगळं प्रकरण आहे. त्यात वीज कमी आणि कागद-गोंद जास्त. लोहचुंबकाच्या गोल फटीत तारेचं एक हलकं वेटोळं असतं, ती कॉइल. तिला पुढून कागदाचा कोन चिकटवलेला असतो आणि मागून वळ्यावळ्यांची एक कापडी चकती तिला मधोमध धरून ठेवते. त्या चकतीला आम्ही स्पायडर म्हणतो. फट इतकी अरुंद की कॉइल जराशी कलली तरी लोखंडाला घासते आणि गाण्याच्या गळ्यात खरखर येते. नवीन कोन बसवताना कॉइल बरोबर मधात ठेवणं, एवढंच ते काम. तेवढंच मला कधी जमलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नागपूरहून आणलेले कोन एकामागून एक वाया घालवत होतो. दुकानाच्या मागंच आमचं घर, मधे पडदा. एका दुपारी ती पडद्याशी येऊन उभी राहिली.

“काहून फेकून राहिले?”

“मधात बसत नाही.”

“सरका.”

भिंतीवर माझ्या आईच्या छातीचा एक्स-रे टांगलेला होता. बायकोनं तो काढला, कात्रीनं त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि कॉइल आणि लोखंड यांच्या मधल्या फटीत चारी बाजूंनी खोचल्या. कॉइल जागच्या जागी ताठ उभी राहिली. मग गोंद, मग वरून वजन. दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या आणि कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच दाबून कान लावला. काही आवाज नाही. घासत नव्हता.

आई आतून ओरडली, “माहा फोटो काहून कापला वं?”

“तुमी बऱ्या झाल्या न आता? मंग कायले ठेवता थो?”

मी विचारलं, हे तुला सुचलं कसं. ती म्हणाली, “भाकर गोल येते का तुमच्या हातानं? मंग.” त्यापलीकडं तिनं कधी काही सांगितलं नाही. एक्स-रेच्या पट्ट्या वापरणारे मिस्त्री मी पुढं नागपूरलाही पाहिले, त्यामुळे ती काही जगावेगळी युक्ती नव्हती. जगावेगळी होती तिची बोटं. कोन दाबल्यावर तो कुठल्या बाजूला घासतो ते तिला बोटातच कळायचं. मी मात्र मीटर लावून बसायचो आणि मीटर मला सांगायचं की सगळं ठीक आहे.

तेव्हापासून स्पीकर पडद्यामागं जायचा आणि बरा होऊन बाहेर यायचा. मी सगळ्यांना म्हणायचो, ठेवून जा, करून ठेवतो. बाईच्या हाताला काम द्यायला गिऱ्हाईक बिचकेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं. एकाही गिऱ्हाइकाला तसं विचारून मात्र पाहिलं नाही. खरं हे की लोक माझ्या हाताची तारीफ करायचे आणि ती मला गोड लागायची.

एकदाचं आठवतं. एक सरकारी नोकरीतले गृहस्थ होते, मूळ बाळापूरचे, बदलीवर अकोल्याला आलेले. त्यांनी घरासाठी लाकडी खोक्यांची स्पीकरची जोडी हौसेनं घेतली होती. रोज सकाळी त्यावर बुद्धवंदना लागायची. सामान हलवताना एक खोकं टेम्पोतून पडलं आणि मोठ्या स्पीकरचा कोन फाटला. बायकोनं तो बदलला. न्यायला आले तेव्हा त्यांनी स्वतःची कॅसेट आणली होती. दुकानात लावली, डोळे मिटून उभं राहून ऐकली आणि संपल्यावर माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

“मिस्त्री, सोन्याचा हात हाये हो तुमचा! कसं जमवता?”

“सरावाची गोष्ट आहे जी,” मी म्हणालो.

नेमकी त्याच वेळी ती चहा घेऊन बाहेर आली. तिच्या बोटांवर गोंदाचे पिवळे पापुद्रे तसेच होते. ते गृहस्थ तिला म्हणाले, “वहिनी, नशीब काढलं तुमी.” ती हसली, कप ठेवले आणि आत गेली. त्यांना बोटं दिसली नाहीत. मला दिसली होती.

त्यानंतरच्या कामांवर, कोनाच्या मागं जिथं तार जोडतात तिथं, एक लाल ठिपका दिसायला लागला. मी विचारलं. म्हणाली, “जोड हलत नाई त्यानं.” मला तेवढं पुरलं. हळूहळू त्या ठिपक्याचं नाव झालं. जुने स्पीकर विकत घेणारे लोक मागची बाजू उलटून पाहायचे, लाल ठिपका आहे का. असला तर म्हणायचे, काही पाहू नका, अकोल्याच्या मिस्त्रीचं काम आहे.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता आम्ही दोघं अमरावतीला मुलाकडे राहतो. हॉल, स्वयंपाकघर, खोल्या. पडदा लावायला जागा नाही आणि गरजही नाही.

गेल्या मे महिन्यात, दुपारी कूलरसमोरून उठावंसं वाटत नाही अशा वेळी, दारात एक पन्नाशीचा माणूस उभा राहिला. खाली ऑटोत चादरीत गुंडाळलेली दोन खोकी आणि एक अ‍ॅम्प्लिफायर.

“अकोल्याचे स्पीकरवाले मिस्त्री तुम्हीच ना काका?”

बाळापूरच्या त्या गृहस्थांचा हा मुलगा. वडील आता ऐंशीच्या पुढं, त्याच्याजवळ अमरावतीलाच असतात. चालणं कमी झालंय, पण सकाळची वंदना त्याच स्पीकरवर पाहिजे. एप्रिलमध्ये कॉलनीतल्या जयंतीला ठरलेला साउंडवाला आला नाही. पोरांनी घाई केली आणि यानं वडिलांना न विचारता घरातली जोडी उचलून मंडपात लावली. घरच्या खोलीत वाजायच्या स्पीकरला मैदानात वाजवायचं म्हणजे आवाज शेवटपर्यंत फिरवावा लागतो. दिवसभर फिरवला. आता एका खोक्यातला बारीक आवाज गेला होता आणि दुसरं खोकं खरखरत होतं.

“बाबांना जयंतीचं सांगितलं नाही अजून,” तो म्हणाला. “ते म्हणतात, दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नको, अकोल्याच्या मिस्त्रीले शोध. तीन दुकानांत विचारत विचारत आलो.”

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मी बाह्या सरसावल्या. आधी डावी-उजवी वायर बदलून पाहिली. बिघाड खोक्यासोबतच राहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक. पहिल्या खोक्यातला छोटा स्पीकर, ज्यातून झांजा आणि टाळ्या येतात तो, मीटरवर मेलेला निघाला. तो जयंतीत जळला होता यात शंका नव्हती. दुसऱ्या खोक्यातला मोठा काढून टेबलावर ठेवला, घड्याळातला सेल तारेला लावला. टप् असा आवाज आला, पण त्याला खरखरीची शेपूट होती. कोन दाबला. घासत होता.

“कॉइल जळून फुगली,” मी निकाल दिला. “हीसुद्धा जयंतीतच. असा स्पीकर आता मिळत नाही.”

त्याचं तोंड उतरलं. “म्हणजे बाबाचे स्पीकर मीच मारले.”

बायको स्वयंपाकघरात वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. ती हात झटकत आली, वाकली आणि मोठ्या स्पीकरचा मागून वास घेतला.

“जळली नाई. जळला वास कुठी येऊन राहिला?” मग त्या माणसाकडं वळून, “बाबू, कूलर कुठी हाये तुमच्या घरी?”

“बाबांच्या खोलीत. खिडकीत.”

“आन् हा डबा?”

“कूलरच्या समोरच. टेबलावर.”

“मंग! उन्हाळाभर ओली हवा खाऊन राहिला थो. गोंद सुटला असन.” तिनं नखानं मागचा स्पायडर उचलून पाहिला. एका बाजूनं तो अलगद सुटून आला. “जयंतीनं फक्त बारका गेला. हा कूलरनं गेला. होते दुरुस्त.”

तो माणूस खुर्चीत मागं टेकला. आणि मी, ज्यानं आत्ताच त्याच्या माथी सगळं मारलं होतं, मल्टिमीटर गुंडाळायला लागलो.

“काका, मग मी इथंच बसतो,” तो म्हणाला. “मला पाहायचं आहे तुम्ही कसं करता ते. बाबा इतकं सांगतात तुमच्या हाताबद्दल.”

ती कुरडयांकडं परत गेली होती. मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेलो.

“तू कर ना.”

“मी काहून? सोन्याचा हात तं तुमचा हाये.”

ते शब्द तिनं जसेच्या तसे उच्चारले. इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवले असतील याची मला कल्पना नव्हती.

“त्याच माणसाच्या घरचा होये का हा?” तिनं विचारलं.

“त्याचा मुलगा.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. “इतके वर्ष मी आत होती. आता घरात पडदा नाई म्हणून मले बाहेर बोलावून राहिले का? जा, तुमीच करा. नाई जमत तं नाई जमत म्हणून सांगा त्याले.”

मी ओट्याला धरून उभा राहिलो. तिचं म्हणणं साधं होतं. तिचं काम तिच्या नावावर जाणार असेल तरच ती हॉलमध्ये येणार होती, आणि ते नावावर करणं माझ्या हातात होतं. मी बाहेर आलो.

“हे काम मला येत नाही,” मी त्याला म्हणालो. “कधीच येत नव्हतं. ती करते.”

तो हसला. “काका, मस्करी करता का!” मग स्पीकर उलटा करून पाहायला लागला आणि गोंधळला. “बाळापूरला मामाच्या स्पीकरवर तुमचा लाल ठिपका आहे. याच्यावर नाही. म्हणजे हा तुम्ही केलेलाच नाही का?”

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. मला एवढी वर्षं कळलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, “थो माह्याच हातचा हाये. ठिपका त्याच्यानंतर लावाले लागली.”

“कशाच्या नंतर, काकू?”

“चहा नेला होता त्याच्यानंतर.”

त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं. मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांनी माझा हात कसा धरला, मी काय उत्तर दिलं, तिच्या बोटांवर काय होतं. अर्ध्यावर आल्यावर मजा अशी झाली की मी तिच्या कामाबद्दल बोलायला लागलो आणि मला थांबताच येईना. धामणगावच्या एका अडत्याचा स्पीकर, ज्याच्या फटीत सरकीची रुई जाऊन बसली होती आणि चार मिस्त्र्यांनी हात टेकले होते, तो तिनं चिकटपट्टी फिरवून साफ केला होता. एकाचा कोन उंदरानं कुरतडला होता, त्याला तिनं आतून जुन्या वहीच्या कागदाचं ठिगळ लावलं आणि आवाजात फरक पडू दिला नाही. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं बोलत होतो.

“झालं का पुराण?” ती म्हणाली आणि चष्मा लावून टेबलाशी येऊन बसली. “थिनर द्या.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बोटांचे सांधे थोडे सुजलेले. मला भीती वाटत होती. तिनं थिनरचा बोळा फिरवून कोनाच्या मधली गोल टोपी सैल केली आणि ब्लेडनं न फाडता उचलली. फटीतून चिकटपट्टी फिरवली, लोखंडाचा काळा चुरा तिला चिकटून आला. मग तिनं मागं न पाहता हात पुढं केला.

“एक्स-रे.”

“कुणाचा?”

“माह्या गुडघ्याचा हाये न कपाटात. थो काय कामाचा आता?”

तिच्या गुडघ्याच्या पट्ट्या झाल्या. त्या फटीत खोचल्या, सुटलेला जुना गोंद खरवडला, नवीन लावला आणि स्पायडर बसवला. वरून तिनं मिक्सरच्या भांड्याचं वजन ठेवलं. ती पट्टी खोचताना जीभ दातात धरते, तशीच धरली होती. तो माणूस खुर्ची पुढं ओढून पाहत होता.

“आता उद्या संध्याकाळी या,” ती त्याला म्हणाली. “आन् बाबाले कूलरची हवा सोडा, डब्याले सोडू नका.”

माझा वाटा म्हणजे मेलेल्या बारक्या स्पीकरच्या जागी नवीन आणून जोडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणायला निघालो तेव्हा वाटेत एका कटलरीच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलीनं चार बाटल्या काढून ठेवल्या आणि माझ्या मिशांकडं पाहून विचारलं, “आजोबा, कोणासाठी पायजे?”

“बायकोसाठी. ती स्पीकर दुरुस्त करते.”

“नेलपॉलिशनं?”

“नाही. नेलपॉलिश शेवटी लागते.”

संध्याकाळी तो माणूस वेळेआधी आला. तिनं पट्ट्या एकेक करून ओढल्या, कोन बोटांनी दाबला आणि मान हलवली. टोपी चिकटवली. मी बाटली पुढं सरकवली. तिनं आधी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग स्पीकर उलटा करून तारेच्या जोडावर एक थेंब टाकला. त्या माणसानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

जोडी लावली. वंदना सुरू झाली तशी हॉलमध्ये शेजारची दोन माणसं येऊन उभी राहिली, इतका तो आवाज भरून आला. खर्ज जमिनीतून पायाला लागत होता आणि कुठंही खरखर नव्हती. मी पाहत होतो तिच्याकडं. ती ऐकत होती ते गाणं नव्हे, फट ऐकत होती. मग तिनं हात पदराला पुसले, म्हणजे काम झालं.

त्यानं वडिलांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरच्या खोक्यासमोर धरला. थोड्या वेळानं पलीकडून म्हातारा, पण खणखणीत आवाज आला.

“वा! तोच आवाज हाये. मिस्त्रीच होये न थो? सांग त्याले, हात अजून तसाच सोन्याचा हाये म्हणा.”

मुलानं माझ्याकडं पाहिलं. तीही पाहत होती. मी मोबाइल घेतला.

“साहेब, तेव्हा तुम्ही चुकीचा हात धरला होता. ते काम माझ्या बायकोनं केलं होतं. तेव्हाही आणि आजही. मी तेव्हा सांगितलं नाही.”

पलीकडून उलटा प्रश्न आला.

“चहा आणला थ्या वहिनीनं?”

“हो.”

“मंग तुमी काय बोलून राहिले? त्यायले द्या फोन.”

मी दिला. तिनं सवयीनं तो कानाला घट्ट दाबून धरला, त्यामुळे ते काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही. बराच वेळ तेच बोलत होते. ती मधेमधे “हो जी” म्हणत होती, एकदा “नाई नाई, तसं काई नाई” म्हणाली आणि एकदा चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. शेवटी म्हणाली, “तुमचं पोरगं चांगलं हाये. जयंतीसाठी नेलते त्यानं, रागावू नका. आन् कूलरसमोर नका ठेवू, म्हणजे झालं.”

मुलानं कपाळावर हात मारला. तिनं फोन त्याला परत दिला आणि नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण लावायला घेतलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“तुमाले काय करायचं? मले म्हणाले ते.”